रिक्लेम रबरचा प्लांट टाकण्याआधी

प्रश्न थोडक्यात असा आहे. सांगली जिल्ह्यात वडिलांपासूनचा टायर रिमोल्डिंगचा व्यवसाय. जागा आहे, वीज जोडणी आहे, कर्ज धरून दोन-अडीच कोटी उभे राहतील. एका बाजार-अहवालात वाचलं की रिसायकल्ड रबरची जागतिक बाजारपेठ दरवर्षी दोन आकडी टक्क्यांनी वाढते आहे. मग रिक्लेम, क्रम्ब की पायरोलिसिस, काय टाकावं? आणि माल परदेशात जाईल का?

आधी उत्तर देतो, मग कारणं. पायरोलिसिस नको. क्रम्ब आणि रिक्लेम दोन्ही चालतील, पण सुरुवात तुमच्याच शेडमध्ये पडणाऱ्या बफिंगपासून, म्हणजे टायर घासताना निघणाऱ्या रबराच्या किसापासून करा. मशीनची ऑर्डर द्यायच्या आधी दोन-तीन गिऱ्हाइकं नक्की करा. निर्यात पहिल्या दोन वर्षांच्या हिशेबात धरूच नका.

अहवालातला वाढीचा आकडा बाजूला ठेवा, कारण तो तुमच्या धंद्याचा नाही. ‘रिसायकल्ड रबर’ ह्या एका नावाखाली चार वेगळे धंदे मोजलेले असतात. रिक्लेम म्हणजे पुन्हा मऊ केलेलं, मिलवर (दोन जड रोलरच्या यंत्रावर) चढणारं रबर. क्रम्ब आणि पावडर म्हणजे नुसतं दळलेलं, तसंच भाजलेलं रबर. पायरोलिसिसमधून, म्हणजे टायर हवेशिवाय तापवून, तेल आणि ‘चार’ नावाची कोळशासारखी काळी भुकटी निघते. आणि चौथा, सिमेंटच्या भट्टीत इंधन म्हणून जाणारा टायर. कस्टम्सच्या कोडमध्येसुद्धा हे वेगळे आहेत: रिक्लेम ४००३ खाली, रबरचं भंगार आणि पावडर ४००४ खाली, वापरलेले आणि रिमोल्ड टायर ४०१२ खाली. ह्या चौघांचे गिऱ्हाईक वेगळे, भाव ठरण्याची रीत वेगळी, कायदे वेगळे. एकाचा भाव चढलेला असताना दुसरा झोपलेला असतो. सगळ्यांची बेरीज करून काढलेली टक्केवारी बँकेला दाखवायला ठीक आहे, तिच्यावर शेड बांधू नये.

आता रिक्लेम म्हणजे नेमकं काय विकतो आपण, ते नीट बघू. पुढचा सगळा भाव त्यावरच ठरतो.

कच्च्या रबरात लांबच लांब साखळ्या असतात. गंधक घालून तापवलं की त्या साखळ्यांमध्ये गंधकाचे पूल तयार होतात आणि रबर चिवट, लवचीक, टिकाऊ होतं. चार्ल्स गुडइयरला हे १८३९ मध्ये सापडलं, अमेरिकेतलं पेटंट १८४४ चं. तेव्हापासूनची अडचण तीच आहे: भाकरी एकदा भाजली की तिचा कुस्करा होतो, पीठ होत नाही. गंधक-गंधक बंध तोडायला मोलमागे साधारण २७० किलोज्यूल लागतात, कार्बन-गंधक बंधाला तीनशेच्या आसपास, आणि साखळीच्या कण्यातल्या कार्बन-कार्बन बंधाला साडेतीनशेच्या आसपास. फरक इतका थोडा आहे की वाफ, तेल, रसायन आणि रोलरचा दाब देऊन पूल तोडायला जावं तर कणाही तुटतो. मायक्रोवेव्ह झालं, अल्ट्रासाउंड झालं, दुहेरी स्क्रूचे एक्स्ट्रूडर (स्क्रूने रबर ढकलून बाहेर काढणारी यंत्रं) झाले. प्रत्येकाने फरक पाडला, पण हा नियम कोणीच मोडला नाही. म्हणून एखादा मशीनवाला ‘आमच्या प्रोसेसचं रबर अगदी नव्यासारखं’ म्हणाला तर त्याच्याकडे एकच गोष्ट मागा: तुमच्या समोर, तुमच्याच टायरचा लॉट चालवून, बाहेरच्या लॅबचा रिपोर्ट. नव्या ट्रेडच्या (टायरच्या रस्त्याला टेकणाऱ्या थराच्या) रबरची ताणशक्ती अठरा-वीस मेगापास्कल असते, होल टायर रिक्लेमची, म्हणजे अख्ख्या टायरपासून केलेल्या रिक्लेमची, चार ते सहा. ह्या दोन आकड्यांमधल्या अंतरावर आपला धंदा उभा आहे.

मग लोक घेतात कशाला? स्वस्त असतं म्हणून, हे अर्धं उत्तर झालं. मिलवर रिक्लेम घातलं की कंपाउंड लवकर मिसळतं, वीज कमी लागते. एक्स्ट्रूडरमधून निघालेली पट्टी फुगत नाही. कॅलेंडरवर (शीट लाटणाऱ्या रोलरच्या यंत्रावर) शीट गुळगुळीत येते आणि मोल्डमध्ये हवा अडकत नाही. चपलांचे सोल, फूटमॅट, कन्व्हेअर बेल्टचं कव्हर, ट्रॉलीची भरीव चाकं, बॅटरीचे काळे डबे, नायलॉन टायरचा आतला थर, ह्यांत ते ह्याच कारणासाठी जातं. हे गुण विकायला शिका. नुसता भाव सांगणारा विक्रेता पुढच्या स्वस्तवाल्यापुढे हरतो.

भावाचं गणित एकदा कागदावर मांडून दाखवतो. आकडे समजुतीसाठी गोल घेतले आहेत. चांगल्या होल टायर रिक्लेममध्ये रबर हायड्रोकार्बन साधारण ५० टक्के, कार्बन ब्लॅक (रबरात घालतात ती काजळी) २७, तेल आणि इतर विरघळणारे घटक १४, राख ९. म्हणजे दोन किलो रिक्लेम घेतलं तर गिऱ्हाइकाला एक किलो रबर, अर्धा किलोहून थोडं जास्त ब्लॅक आणि पाव किलोच्या आसपास तेल मिळतं. समजा नैसर्गिक रबर २०० रुपये, ब्लॅक १०० रुपये, तेल ८० रुपये किलो. मग त्या दोन किलोंची किंमत २०० अधिक ५४ अधिक २२, म्हणजे २७६. एका किलोची १३८. ही झाली कमाल मर्यादा. ताकद कमी असल्यामुळे प्रत्यक्षात ह्याच्या बरंच खाली, बऱ्याचदा निम्म्याच्या आसपास विकावं लागतं. आता नैसर्गिक रबर १२० वर आलं असं धरा, बाकी सगळं तेच. मर्यादा १३८ वरून ९८ वर येते. तुमचा टायर भंगाराचा भाव उतरला का? नाही. वीजबिल उतरलं का? नाही. मजुरी, तेल, कर्जाचा हप्ता, सगळं जिथल्या तिथे. ह्या दोन भावांच्या मधल्या चिमटीत रिक्लेमवाले सापडतात आणि चांगले चालणारे प्लांट बंद पडतात.

आणि नैसर्गिक रबरचा भाव कसा हलतो ते बघा. २०११ च्या सुरुवातीला सिंगापूरच्या बाजारात शीट रबर किलोला सहा डॉलरच्या वर गेलं होतं. २०१६ च्या सुरुवातीला केरळात आरएसएस-४ (शीट रबरची एक प्रत) शंभर रुपयांच्या खाली आलं. ऑगस्ट २०२४ मध्ये तेच २४० च्या पुढे. रबराचं झाड लावल्यापासून चीक काढायला सहा-सात वर्षं लागतात. भाव चढला की थायलंड, व्हिएतनाम, आयव्हरी कोस्टमध्ये लागवड वाढते आणि तिचा चीक बाजारात येतो तो बऱ्याच वर्षांनी, सगळा एकदम. आयव्हरी कोस्ट तर असाच बघता बघता पहिल्या चार देशांत जाऊन बसला. भारतात वर्षाला साडेआठ लाख टनांच्या आसपास पिकतं आणि चौदा लाख टनांच्या आसपास लागतं, म्हणजे आपला भावही बाहेरच ठरतो. ज्या सांगलीच्या शेडमध्ये तुम्ही बसणार, तिथला नफा कोट्टायमच्या आणि बँकॉकच्या भावावर हलणार आहे. त्यामुळे प्रोजेक्ट रिपोर्ट आजच्या भावावर करू नका. १२० रुपयांच्या रबरवर हप्ता भरता येतो का, ते आधी बघा. येत नसेल तर प्लांट लहान करा.

हे काही नवीन नाही. १९१० च्या सुमारास ब्राझीलचं रबर इतकं महाग झालं होतं की अमेरिकेत रबराच्या वस्तूंमध्ये निम्म्याच्या आसपास जुनं रबर जायचं. त्याआधी १८९९ मध्ये आर्थर मार्क्सने अल्कलीत शिजवून टायरमधलं कापड वेगळं करायची रीत काढली होती, तिच्यावर तो सगळा काळ चालला. मग मलायातले मळे चिकाला आले, भाव कोसळला. १९४२ मध्ये जपानने मलाया आणि सिंगापूर घेतलं तेव्हा अमेरिकेने पुन्हा जुने टायर, बूट, पाण्याच्या नळ्या गोळा केल्या. युद्धानंतर पेट्रोलियमचं कृत्रिम रबर स्वस्त झालं, पोलादी पट्ट्यांचे रेडियल टायर आले, आणि तिथले रिक्लेम कारखाने एकामागून एक बंद झाले. नवं रबर महाग किंवा दुर्मीळ झालं की रिक्लेमला दिवस येतात, ह्यापलीकडे ह्या इतिहासातून तुमच्या हिशेबाला लागेल असं फारसं काही नाही.

आज ह्या धंद्याचं वजन आशियात आहे. चीन सर्वांत मोठा, मग भारत. मजुरी, विजेवर चालणाऱ्या जड मिल आणि टायर भंगार ह्या तिन्ही गोष्टी जिथे एकत्र परवडतात तिथेच रिक्लेम टिकतं. युरोप आणि अमेरिकेत टायर मुख्यतः दळला जातो किंवा जाळला जातो. १९९० मध्ये अमेरिकेत उघड्यावर पडलेल्या टायरांचे ढीग एक अब्जाच्या वर होते. ते बहुतांशी उपसले गेले, पण त्यातला मोठा वाटा सिमेंट भट्ट्यांनी आणि कागद गिरण्यांनी खाल्ला. युरोपात २००३ पासून अख्खे आणि २००६ पासून तुकडे केलेले टायरही कचराभूमीत पुरायला बंदी आहे, म्हणून तिथे टायर उचलायचे पैसे रिसायकलरला मिळतात. आपल्याकडे उलटं आहे, आपण भंगारवाल्याला पैसे देऊन टायर घेतो. युरोपातला एखादा प्लांट दाखवून कोणी नफ्याचं गणित समजावत असेल तर हा फरक पहिल्यांदा विचारा.

क्रम्बच्या बाजाराबद्दल एक गोष्ट ध्यानात ठेवा. युरोपात क्रम्बचं फार मोठं गिऱ्हाईक म्हणजे कृत्रिम हिरवळीची फुटबॉल मैदानं. तिथे गवताच्या पात्यांमध्ये काळे दाणे भरतात. आधी ऑगस्ट २०२२ पासून त्या दाण्यांत आठ पीएएच रसायनांची (तेलातून येणाऱ्या, कर्करोगाचा धोका असलेल्या घटकांची) एकूण मर्यादा किलोला २० मिलिग्रॅम केली. मग सप्टेंबर २०२३ मध्ये सूक्ष्म प्लास्टिकवरचा नियम आला आणि मैदानात भरायचे असे दाणे विकायला ऑक्टोबर २०३१ पासून बंदी ठरली. अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यातल्या ओढ्यांत कोहो सॅमन मासे मरत होते, त्याचं कारण टायरमधल्या ६पीपीडी ह्या रसायनापासून बनणारा घटक असल्याचं २०२० च्या शेवटी संशोधकांनी दाखवलं. त्यामुळे तिथेही दाण्यांकडे बारकाईने बघणं सुरू आहे. माझा अंदाज असा की पुढच्या पाच-सहा वर्षांत युरोपातला क्रम्ब दुसरी घरं शोधत फिरेल आणि साध्या, जाड क्रम्बच्या भावावर जगभर दाब येईल. बारीक, स्वच्छ पावडरीचं तसं नाही. तिचं गिऱ्हाईक रबर कारखाना आहे, मैदान नाही.

रस्त्यांचं गिऱ्हाईक आपल्याकडे खरं आहे. साठच्या दशकात ॲरिझोनातल्या फीनिक्समध्ये चार्ल्स मॅकडोनल्ड ह्या इंजिनिअरने डांबरात टायरची पावडर मिसळली, तिथून ही गोष्ट जगभर गेली. आपल्याकडे ते सीआरएमबी म्हणून चालतं. पण हा हंगामी माल आहे. जून ते सप्टेंबर डांबरीकरण बंद, त्या काळात तुमची पावडर गोदामात. आणि ठेकेदाराचं बिल सरकारकडे अडकलं की तुमचंही अडकतं. सीआरएमबीला पावडर देणार असाल तर खेळतं भांडवल दुप्पट धरा.

आता पायरोलिसिस. टायर बंद भांड्यात ऑक्सिजनशिवाय तापवायचा, तेल-वायू-चार वेगळे करायचे. शास्त्र म्हणून त्यात चूक काही नाही. युरोपात मोठ्या कंपन्या सतत चालणारे, बंदिस्त प्लांट उभे करत आहेत आणि निघालेली चार शुद्ध करून टायर कंपन्यांना रिकव्हर्ड कार्बन ब्लॅक म्हणून द्यायचा प्रयत्न चालू आहे; त्याच्या प्रमाणीकरणासाठी एएसटीएम ह्या मानकं ठरवणाऱ्या संस्थेने २०१७ मध्ये वेगळी समिती नेमली. पण दोन-अडीच कोटींत जे मिळतं ते हे नव्हे. मिळतो तो बॅच रिॲक्टर: दार उघडून आत टायर कोंबायचे, खालून जाळ, रात्री तेल काढायचं, पुरेसं थंड व्हायच्या आत दार उघडून चार बाहेर ओढायची. गरम चारला हवा लागली की पेटते, आत वायू राहिला असेल तर स्फोट. जानेवारी २०२५ मध्ये पालघर जिल्ह्यातल्या वाडा तालुक्यात अशा कारखान्यात स्फोट होऊन दोन बायका आणि दोन लहान मुलं गेली. कामगारांची कुटुंबं रिॲक्टरच्या शेजारीच राहतात, मुलं तिथेच खेळतात, हे ह्या धंद्यातल्या प्रत्येकाला माहीत आहे. ज्या रचनेत हे घडतं त्या रचनेत पैसा घालायला मी कोणालाच सांगणार नाही, कितीही नफा दिसला तरी. शिवाय पायरोलिसिस तेल किंवा चार बनवण्यासाठी टायर आयात करायला भारतात बंदी आहे. इंग्लंड-युरोपचे टायर क्रम्बच्या नावाखाली आणून रिॲक्टरमध्ये घालणारे आहेत; ते ज्या दिवशी पकडले जातील त्या दिवशी त्यांच्याकडून माल घेणाराही अडचणीत येईल.

कायद्याचा दुसरा भाग तुमच्या बाजूचा आहे. २१ जुलै २०२२ च्या अधिसूचनेने टायर उत्पादकांवर जबाबदारी टाकली: आधी ३५ टक्के, मग ७० टक्के, आणि २०२४-२५ पासून दोन वर्षांपूर्वी बाजारात आणलेल्या टायरांच्या शंभर टक्के इतकी रिसायकलिंग प्रमाणपत्रं त्यांनी घ्यायची. ती प्रमाणपत्रं केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या पोर्टलवर नोंदणी केलेला रिसायकलर तयार करतो, प्रत्येक उत्पादनासाठी हिशेबाचा गुणक वेगळा असतो. म्हणजे रिक्लेम विकून मिळणाऱ्या पैशांखेरीज आणखी एक उत्पन्न. नोंदणी अवश्य करा. मात्र ह्या पैशाला हप्त्याचा आधार करू नका. प्रमाणपत्राचा भाव मागणी-पुरवठ्याने खाली येतो, आणि कागदावरचं रिसायकलिंग सगळ्यांचंच नाव घालवतं. प्लास्टिकच्या बाबतीत २०२३ मध्ये लाखो खोटी प्रमाणपत्रं सापडली होती. तुमच्याकडे आत आलेल्या टायरच्या वजनकाट्याच्या पावत्या, वीजबिल, विक्रीची बिलं आणि पोर्टलवरचा आकडा हे चारही एकमेकांशी जुळले पाहिजेत. तपासणीला येणारा माणूस पहिल्यांदा वीजबिलच बघतो, कारण एक टन रिक्लेम किती युनिट खातं हे लपत नाही.

आता ज्या गोष्टीवर तुमचं खरं नियंत्रण आहे तिच्याकडे येतो: माल रोज सारखा निघणं. गिऱ्हाईक कमी ताकदीचं रिक्लेम चालवून घेतं. आज एक आणि उद्या दुसरंच, हे नाही चालवून घेत. त्याचं कंपाउंड एकदा बसवलेलं असतं. तुमच्या लॉटची मूनी व्हिस्कॉसिटी (रबर किती घट्ट किंवा मऊ आहे त्याचं माप) दहा अंकांनी हलली की त्याच्या एक्स्ट्रूडरमधून पट्टी वाकडी येते आणि पूर्ण पाळी भंगारात जाते.

शीट हातात घेऊन कशी बघायची ते सांगतो. रिफायनरवरून (रबर शेवटी पातळ दाबणाऱ्या रोलरवरून) निघालेली पातळ पापुद्र्यासारखी शीट दोन्ही हातांनी हळूच ताणा आणि ट्यूबलाइटसमोर धरा. नीट शिजलेली असेल तर एकसारखी, बिनदाण्याची शीट दिसते. दाणे दिसले तर दोन कारणं असतात. दाणा नखाने दाबल्यावर पसरला तर रिफायनिंग कमी पडलंय, रोलरमधली फट तपासा. दाणा तसाच टणक राहिला तर पावडरच जाड गेली होती किंवा ऑटोक्लेव्हमध्ये (वाफेच्या दाबाच्या बंद भांड्यात) तेल सगळीकडे पोचलं नव्हतं, तो लॉट रिफायनरवर कितीही फिरवा, सुधारणार नाही. बोटाला चिकटून तार सुटत असेल तर जास्त शिजलंय, कणा तुटलाय. मूनी छान दिसेल आणि ताणशक्ती कोसळलेली असेल. मग शीट दुमडून कानाजवळ चुरगाळा. बारीक करकर आली तर वाळू आहे, म्हणजे टायर धुतलेच नव्हते. पांढरे तंतू दिसले तर नायलॉन राहिलंय. आणि चुंबक फिरवल्यावर एक जरी तारेचा केस उभा राहिला तरी तो लॉट विकू नका. त्या एका केसाने गिऱ्हाइकाच्या कॅलेंडरच्या रोलवर ओरखडा पडतो, आणि त्या रोलची किंमत तुमच्या ट्रकभर मालापेक्षा जास्त असते.

ही तारेची अडचण वाढत जाणार आहे. नायलॉनच्या ट्रक टायरमध्ये पोलाद फक्त बीडमध्ये, म्हणजे रिमला बसणाऱ्या कडेत असायचं. दोन कडा कापल्या की बाकीचा टायर नैसर्गिक रबरने भरलेला, दळायला सोपा. भारतातलं लहान रिक्लेम त्याच टायरवर वाढलं. आता ट्रक-बस झपाट्याने रेडियलवर गेले. त्यात ट्रेडखाली आणि बाजूच्या भिंतीतही तारच तार. ती काढायला तगडे श्रेडर, एकामागे एक चुंबक, वारंवार धार लावायची पाती लागतात. ट्यूबचंही तसंच. ब्यूटाइल ट्यूबचं रिक्लेम हा ह्या धंद्यातला सर्वांत चांगला भाव देणारा माल, कारण टायरच्या आतल्या हवाबंद थरात ते पुन्हा जातं. पण ट्यूबलेस टायरमुळे जुनी ट्यूबच कमी होत चालली आहे. फक्त ब्यूटाइलवर प्लांट टाकायचा सल्ला कोणी दिला तर ट्यूब कुठून आणणार, एवढंच विचारा.

म्हणून म्हणतो की तुमच्या हातात जे आहे ते आधी ओळखा. रिमोल्डिंगमध्ये टायर घासताना जे बफिंग पडतं ते ट्रेडचं शुद्ध रबर असतं. त्यात तार नाही, कापड नाही, साइडवॉलची भेसळ नाही. श्रेडर नको, बीड कापायचं मशीन नको, चुंबकही एखाद-दुसरं पुरतं. आज तुम्ही ते पोत्यांनी शीटवाल्याला देऊन टाकता. सांगली, मिरज, कोल्हापूर, कऱ्हाड, सोलापूर ह्या पट्ट्यातल्या रिमोल्डवाल्यांकडून असंच बफिंग बांधून घेतलंत तर लहानशा प्लांटला पुरेल इतका स्वच्छ कच्चा माल तुम्हाला ओळखीच्या माणसांकडून मिळतो, आणि तो मिळवायला बाहेरच्या माणसाला काही वर्षं लागतील. पहिल्या टप्प्यात फक्त चाळण्या आणि बारीक दळणाची मिल टाका, ३० आणि ४० मेशची (चाळणीच्या जाळीचं माप) पावडर विका. मॅटवाले, सोलवाले, भरीव चाकंवाले घेतात. गिऱ्हाइकाशी व्यवहार बसला, त्याला काय लागतं ते कळलं, की दुसऱ्या टप्प्यात ऑटोक्लेव्ह आणि रिफायनर. ट्रेडपासूनचं रिक्लेम होल टायरपेक्षा वरचढ असतं, राख कमी आणि ताकद जास्त, त्यामुळे भावाचं बोलणंही वेगळ्या पातळीवर होतं.

मोठ्या कंपन्यांशी होल टायर रिक्लेममध्ये भिडू नका. अंकलेश्वर-सोलापूर भागातले जुने, मोठे प्लांट टायर कंपन्यांना वर्षानुवर्षं माल देत आहेत. टायर कंपनीची मंजुरी म्हणजे आधी लॅब, मग छोटी बॅच, मग प्लांट ट्रायल, मग टायर रस्त्यावर चालवून बघणं. वर्ष-दीड वर्ष सहज जातं. आणि इतकं करून रेडियलमध्ये रिक्लेमचं प्रमाण थोड्या टक्क्यांपलीकडे जात नाही. मिशलिनने २०३० पर्यंत टायरमधला ४० टक्के माल पुनर्वापराचा किंवा वनस्पतीजन्य करायचं ठरवलंय, इतरांचीही अशी उद्दिष्टं आहेत, त्यामुळे मागणी नक्की वाढेल. ती आधी त्यांच्याकडेच जाईल ज्यांच्याकडे मागच्या पाच वर्षांच्या प्रत्येक लॉटचे रिपोर्ट फायलीत आहेत.

निर्यातीचं म्हणाल तर श्रीलंका जवळची. तिथे फोर्कलिफ्टचे भरीव टायर मोठ्या प्रमाणावर बनतात आणि त्यांच्या खालच्या थरात रिक्लेम चालतं. युरोपात जायचं तर पीएएचचा रिपोर्ट लागतो. जिथे वस्तू कातडीला लागते, म्हणजे हँडल, मॅट, पट्टे, तिथे आठही पीएएच प्रत्येकी किलोला १ मिलिग्रॅमच्या आत, मुलांच्या वस्तूंना अर्धा मिलिग्रॅम. २०१० च्या आधी टायरमध्ये जे गडद सुगंधी तेल घालायचे ते युरोपने टायरसाठी बंद केलं, पण आपल्या भंगारात सगळ्या देशांचे, सगळ्या वर्षांचे टायर एकत्र येतात. शिजवताना तुम्ही कोणतं तेल घालता तेही ह्यात मोजलं जातं. स्वस्त काळं तेल घालून दोन रुपये वाचवले की हा दरवाजा बंद. युरोपचा जंगलतोडीवरचा नियम नैसर्गिक रबरला लागू होणार आहे, त्याची तारीख पुन्हा पुन्हा पुढे गेली. पूर्णपणे वापरून टाकलेल्या मालापासून बनलेली वस्तू त्यातून सुटते, हा रिक्लेमच्या बाजूचा मुद्दा आहे. पण गिऱ्हाईक कागद मागेल, आणि तुमचं बफिंग कोणकोणत्या दुकानातून आलं ह्याची वही तुमच्याकडे असेल तर तो कागद देता येतो.

यंत्रांमध्ये पैसे वाचवायचेच असतील तर शेडच्या रंगरंगोटीत वाचवा. दोन गोष्टींत नका वाचवू. ऑटोक्लेव्हच्या वाफेबरोबर जो उग्र वास बाहेर पडतो तो अडवायला चांगला कंडेन्सर आणि स्क्रबर पहिल्या दिवसापासून हवा. गावकऱ्यांची तक्रार आल्यावर बसवू म्हणणाऱ्यांचे प्लांट प्रदूषण मंडळाच्या नोटिशीत अडकतात, आणि त्या वासात कामगार आठ तास उभा असतो. दुसरं, प्रत्येक मिलला गुडघ्याच्या आणि हाताच्या उंचीवर आणीबाणीचा बार, आणि ब्रेक लावल्यावर रोल किती अंतरात थांबतो ह्याची दर आठवड्याला नोंद. मिलमध्ये गेलेला हात परत येत नाही.

लॅबसाठी मूनी व्हिस्कोमीटर आणि रिओमीटर (रबर भाजायला किती वेळ लागतो ते मोजणारं यंत्र) दोन्ही लगेच परवडले नाहीत तरी आधी मूनी घ्या, राखेसाठी छोटी भट्टी घ्या, आणि रबर टेक्नॉलॉजीचा डिप्लोमा केलेला एक मुलगा किंवा मुलगी पगारावर ठेवा, ठेकेदारीवर नको. पुढचं नेमकं बोलायला मला तीन गोष्टी लागतील: तुमच्याकडे महिन्याला बफिंग किती पडतं, त्यातलं रेडियलचं किती आणि नायलॉनचं किती, आणि तुमच्या पन्नास किलोमीटरच्या आत मॅट, सोल किंवा चाकं बनवणारे कोण कोण आहेत. ही माहिती पाठवा, मग कोणत्या मापाची मिल बसेल आणि मोटर किती अश्वशक्तीची लागेल ते सांगतो.